घरात धाप लागणारं माणूस असेल तर: श्वास कसा चालतो, कुठे अडतो आणि कोणती मदत कधी घ्यायची

आईसाठी घरात ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, आणला, त्या आठवड्यात आम्ही सगळे दिवसभर त्या आकड्याकडेच बघत होतो. एका संध्याकाळी आकडा ९१ होता. तिच्या आजारात तो नेहमीच तेवढा असायचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. डॉक्टर आले. त्यांनी ऑक्सिमीटरला हातही लावला नाही. आईच्या मानेकडे बघितलं, घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि म्हणाले, "मिनिटाला बत्तीस. या दमल्या आहेत, आत्ताच हलवू." आईला चुलीच्या धुरानं जडलेला सीओपीडी होता, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-सिगारेट तिनं कधी हातात धरली नव्हती.

त्या संध्याकाळी कळलं की आकडा घसरण्याआधी माणूस दमतो, आणि ते दमणं घरच्यांच्या डोळ्यांना दिसू शकतं. पुढची काही वर्षं तिच्या उशाशी बसून जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितो आहे. हे डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरायचं नाही. डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचता यावं आणि तिथे काय चाललंय ते समजावं, एवढ्यासाठी आहे.

आधी तीन शब्द: भाता, वाट, देवघेव

लोहाराचा भाता आठवा. तो ताणून उघडला की हवा आपोआप आत येते. आपली छाती असंच करते. फुप्फुसांना फुगण्यासाठी स्वतःचे स्नायू नाहीत. त्यांच्याखाली घुमटासारखा स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. तो खाली सरकतो, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत ओढली जाते. स्वस्थ बसलेलं असताना श्वास सोडायला काहीच कष्ट लागत नाहीत. ताणलेलं फुप्फुस स्वतःच आक्रसतं.

मोठा माणूस आरामात असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दर वेळी साधारण अर्धा लिटर. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा घसा आणि नळ्यांमध्येच राहते, रक्तापर्यंत पोहोचत नाही. हा हिशेब एकदा कागदावर करून बघा. १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर: एकूण ६ लिटर, त्यातली कामाची ४.२. आता दमलेला माणूस, ३० श्वास, पण प्रत्येक २५० चाच: एकूण साडेसात लिटर, पण कामाची हवा फक्त ३ लिटर. मेहनत जास्त, कमाई कमी. उथळ आणि भराभर चाललेला श्वास बघून डॉक्टर सावध होतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट वाट. नाकापासून निघून फांद्या फुटत जाणाऱ्या नळ्या. दम्यात या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, कफ साठतो. हवा आत शिरते पण बाहेर पडताना अडते, म्हणून सुं-सुं आवाज बहुतेक वेळा श्वास सोडताना येतो.

तिसरी देवघेव. नळ्यांच्या टोकाला सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. त्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडलेल्या हवेत अजूनही १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. न्यूमोनियात वायुकोश पू-पाण्यानं भरतात, हृदय कमजोर झालं तर पाण्यानं. कोकणातला लाल विंचू चावल्यावरही फुप्फुसात असं पाणी भरू शकतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून असे कितीतरी जीव वाचवले.

आणि भाता बिघडतो म्हणजे काय? मण्यार किंवा नाग चावला की विषामुळे श्वासाचे स्नायूच लुळे पडत जातात. फुप्फुस ठणठणीत, नळ्या मोकळ्या, तरी माणूस गुदमरतो. सापाचं औषध आणि काही काळ यंत्राचा श्वास मिळाला तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. म्हणून साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला प्रत्येक अर्धा तास मला अतिशय महाग वाटतो.

दवाखान्यात दिसणारं प्रत्येक उपकरण या तिघांपैकी कुठल्या तरी एकाला हात देतं. कोणाला, हे विचारलं की अर्धी भीती जाते.

रोजचं एक मिनिट: बघायचं कसं

माणूस शांत बसलेला किंवा झोपलेला असताना बघा. "तुझे श्वास मोजतो" असं सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि नजर पोटावर ठेवा. पोट-छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चूक होते.

मोठ्यांमध्ये २० च्या वर गेला तर लक्ष ठेवा, २५ च्या वर डॉक्टरांना फोन करा, ३० झाला तर वाट बघू नका. लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत: दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. आशाताई हेच आकडे वापरतात.

मोजून झालं की वरपासून खाली नजर फिरवा. श्वासागणिक नाकपुड्या फुलतात का? मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ होतात का? गळ्याच्या खळगीत किंवा बरगड्यांच्या मधे कातडी आत खेचली जाते का? माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलाय का? मग बोलतं करा. "आज काय जेवलात?" एवढंच विचारा. पूर्ण वाक्य एका दमात आलं तर बरं. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर तो आकडा कुठल्याही यंत्रापेक्षा बोलका आहे.

सगळ्यांत फसवं लक्षण शेवटी सांगतो. रात्रभर धापा टाकणारा माणूस पहाटे अचानक शांत होतो, गुंगतो, आणि घरचे म्हणतात, चला, झोप लागली. हाक मारून उठवा. नीट डोळे उघडून ओळखीनं बोलला तर झोप. अर्धवट बरळला, पुन्हा गुंगला, तर भाता थकला आहे आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आहे. तेव्हाच १०८ ला फोन.

ऑक्सिमीटरचा आकडा खरा कधी

बोटावरचं हे यंत्र ज्या कल्पनेवर चालतं ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ साली मांडली. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जाताना किती शोषला जातो, त्यावरून रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहतंय हे ते सांगतं. म्हणूनच नेलपॉलिश, गार पडलेलं बोट, हलणारा हात यांनी ते चुकतं. पाच मिनिटं बसू द्या, हात चोळून ऊबदार करा, मधलं बोट किंवा तर्जनी घाला, हात छातीशी टेकवून स्थिर ठेवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दाखवू शकतो, त्यामुळे काठावरच्या आकड्यावर विसंबू नका.

निरोगी माणसात ९५ किंवा जास्त. सीओपीडीच्या काही रुग्णांत डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवून देतात. आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा बरा असतानाच लिहून ठेवा, नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार?

हे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. आणि बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यातून कार्बन मोनॉक्साइड भिनला असेल, तर ते साफ फसतं. माणूस बेशुद्ध पडत असताना ९८ दाखवू शकतं. तिथे आकडा बघत बसू नका. स्वतः आत रेंगाळू नका, दार-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि दवाखान्यात न्या.

धाप लागली, आत्ता काय करायचं

आडवं करू नका. आपल्याकडे पहिला हात उशीकडे जातो, पण आडवं झालं की पोट श्वासपटलावर रेटा देतं. खुर्चीत बसवा, पुढे टेबल असेल तर उशी ठेवून त्यावर हात-डोकं टेकू द्या. भोवती गोळा झालेली माणसं बाहेर काढा, चेहऱ्यावर थेट पंखा लावा. गार वाऱ्याच्या झुळकीनं धापेची जाणीव खरोखर कमी होते. पाणी पाजायची घाई नको, धापेत ठसका लागतो.

मग ओठांचा श्वास. नाकानं दोन अंक मोजत आत. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत बाहेर, जोर न लावता. असं केल्यानं नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. शेजारी बसून तुम्हीही सोबत करा. आई माझ्या तोंडाकडे बघून श्वास जुळवायची. नुसतं "हळू श्वास घे, हळू श्वास घे" म्हटलं की तिची धाप वाढायची.

दमा असेल तर तातडीचा पंप (इनहेलर) स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावून: एक दाब, चार श्वास, असे एकामागून एक चार दाब. चार मिनिटं थांबा. उतार पडला नाही तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच पुन्हा करा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं प्रमाण लिहून दिलं असेल तर ते पाळा. ओठ किंवा जीभ निळसर होणं, बोलता न येणं, गुंगी, किंवा दम्याच्या रुग्णात आकडा ९२ च्या खाली जाणं, यातलं काहीही दिसलं तर पंप देत देतच निघायचं.

वाफ? नाक चोंदलं असेल तर बरं वाटतं. आवळलेल्या नळ्या वाफेनं सुटत नाहीत, आणि धापा टाकणाऱ्या माणसापुढे उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवणं धोक्याचं आहे.

पंप घ्यायची पद्धत, कारण इथेच औषध वाया जातं

"पंप लागला म्हणजे शेवटचं औषध" ही समजूत अजून घराघरांत आहे. खरं तर पंपातून मायक्रोग्रॅममध्ये औषध जातं, गोळीतून मिलिग्रॅममध्ये. थेट नळ्यांत पोहोचतं म्हणून इतकं थोडं पुरतं. पण पोहोचलं तर.

१. टोपण काढा, आत काही अडकलं नाही ना बघा, पंप चार-पाच वेळा हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत दाबून बघा.
२. पंप स्पेसरला जोडा. स्पेसर मोठ्यांनीही वापरावा. त्याशिवाय बरंचसं औषध घशावर आदळून तिथेच राहतं.
३. आधी श्वास सावकाश बाहेर सोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.
४. तोंडी ओठांत घट्ट धरा, पंप एकदा दाबा, सावकाश खोल श्वास आत घ्या.
५. दहापर्यंत मोजत रोखा. दहा जमत नसेल तर जमेल तेवढं. धाप जास्त असेल तर रोखू नका, स्पेसरमधूनच चार-पाच साधे श्वास घ्या.
६. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. दोन्ही दाब एकदम मारायचे नाहीत.
७. स्टेरॉइडचा पंप असेल तर खळखळून चूळ भरा आणि थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर रीत उलटी: हलवायचं नाही, आणि श्वास जोरात, झटक्यानं ओढायचा. त्यात फुंकर मारू नका, ओलाव्यानं पावडर गोळा होते. ती कॅप्सूल गिळायची नसते. आमच्या शेजारच्या आजोबांनी महिनाभर गिळल्या, आणि औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलायला निघाले होते. त्यांचा दोष नव्हता; चिठ्ठीवर "१-०-१" एवढंच लिहिलं होतं. औषध सुरू करताना डॉक्टरांसमोर किंवा औषधाच्या दुकानात एकदा घेऊन दाखवा आणि "बरोबर आहे का?" असं विचारा.

पंप दोन तऱ्हेचे असतात: तातडीचा आणि रोजचा. रोजचा बरं वाटतंय म्हणून बंद करायचा नसतो. दोघांवर मोठ्या अक्षरांत चिकटपट्टी लावून ठेवा, रात्री अंधारात चूक होत नाही.

घरातला ऑक्सिजन

ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्यालाही प्रमाण असतं. हे मी चूक करून शिकलो. एका रात्री आई धापा टाकत होती, म्हणून मी ऑक्सिजनच्या यंत्रावरची प्रवाह दाखवणारी गोळी मिनिटाला दोन लिटरवरून पाचवर नेली. आकडा ९७ झाला, मी समाधानानं झोपलो. सकाळी तिचं डोकं ठणकत होतं आणि ती नीट जागी होईना. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. तेव्हापासून प्रवाह डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलला नाही, आणि ८८ ते ९२ हा पट्टा पेनानं यंत्रावरच लिहून ठेवला.

हे यंत्र म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. तो खोलीतल्याच हवेतला नायट्रोजन झिओलाइट या खनिजाच्या चाळणीत अडवतो आणि ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन देतो. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, पडद्याला चिकटवू नका. काचेच्या नळीतली गोळी डोळ्यांच्या रेषेत आणून तिच्या मध्यावरचा आकडा वाचा. हवा गाळणारी जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ऑक्सिजन दमट करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदललेलं. हवा येतेय का अशी शंका आली तर नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात धरा, बुडबुडे दिसतील.

दीर्घकाळचा ऑक्सिजन लिहून दिला असेल तर तो दिवसाचे किमान १५ तास लावला तरच आयुष्याला उपयोग होतो. धाप लागली की दहा मिनिटं आणि मग बंद, यानं काही साधत नाही.

वीज जाणार हे धरून चाला. छोटा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटर चालू असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. हेच भागाकाराचं गणित आपल्या प्रवाहावर करून सिलिंडरवर लिहा. भरलाय की नाही हे महिन्यातून एकदा दाबाच्या काट्यावर तपासा.

आणि आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्यापाशी ठिणगीचा भडका होतो. गॅसची शेगडी, विडी, उदबत्ती, डासांची कॉइल, देवापुढचं निरांजन, कापूर, सगळं किमान दोन-तीन मीटर लांब. आमच्याकडे देवघर आईच्याच खोलीत होतं. देव हलवायचे म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून शेवटी यंत्र आणि पलंग दुसऱ्या खोलीत नेला. नाक कोरडं पडलं तर तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्यात विरघळणारी जेली मिळते ती लावा.

दवाखान्यात: नळीपासून व्हेंटिलेटरपर्यंत

इथे वर सांगितलेले तीन शब्द कामी येतात. नाकातली साधी नळी किंवा मास्क देवघेवीला मदत करतो: हवेतला ऑक्सिजन वाढवतो, बाकी सगळं काम रुग्णच करतो. पिशवी लावलेल्या मास्कनं तो आणखी वाढतो. हाय फ्लो नावाच्या यंत्रात गरम-दमट हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंत नाकातून येते. औषधाचे बारीक तुषार करून देणारा नेब्युलायझर वाटेसाठी. आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा बायपॅपचा मास्क भात्याला हात देतो: श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. पहिला अर्धा तास तो फार नकोसा वाटतो. "काढा, काढा" म्हणून रुग्ण झटापट करतो. त्या अर्ध्या तासात हात धरून बसणारं घरचं माणूस मिळालं, तर पुष्कळदा पुढची पायरी टळते. आईची दोनदा टळली.

भाता आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जगाला कळलं ते १९५२ साली कोपनहेगनमध्ये. पोलिओची साथ होती, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत होते आणि बहुतेक दगावत होते. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढलेलं दिसायचं, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जात होता. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं ओळखलं की हवेची ये-जाच होत नाहीये. २७ ऑगस्टला त्यानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, असे सुमारे दीड हजार विद्यार्थी. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला. व्हेंटिलेटर म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या हाताचं काम करणारं यंत्र.

म्हणून डॉक्टर "व्हेंटिलेटर लावावा लागेल" म्हणतात तेव्हा तो आजार बरा करतो असं समजू नका, आणि तो लावला म्हणजे संपलं असंही समजू नका. मूळ आजारावर औषध चालू असताना तो दमलेल्या स्नायूंना विश्रांती देतो. नळी स्वरयंत्रातून खाली जाते, म्हणून रुग्णाला बोलता येत नाही. गुंगीचं औषध नळी सहन व्हावी म्हणून असतं. कान बहुधा जागे असतात, तेव्हा उशाशी रडारड न करता नाव घेऊन, वार-वेळ सांगून बोला. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर असावं, नसेल तर नम्रपणे विचारा.

रोज भेटीच्या वेळी हे विचारा: वाट, भाता, देवघेव यांपैकी नेमकं काय अडलंय? काल किती टक्के ऑक्सिजन लागत होता, आज किती? गुंगी कमी करून स्वतःचा श्वास घ्यायला कधी लावून बघणार? टक्का ६० वरून ४० वर आला असेल तर ती खरी बातमी असते. अर्धा ते दोन तास स्वतःच्या बळावर नीट श्वास घेता आला की नळी काढायचा विचार होतो. एक-दोन आठवड्यांत ते जमलं नाही, तर गळ्याला छेद देऊन छोटी नळी बसवायचं सुचवतात. ते ऐकून घरचे हादरतात, पण तोंडातल्या नळीपेक्षा ती रुग्णाला सोसवते आणि पुढे काढताही येते.

आजार असाध्य असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर यंत्र हवं की नको हे त्यालाच आधी विचारायला हवं. आम्ही आईला विचारलं होतं, एका दुपारी, ती बरी असताना. ते बोलणं अवघड गेलं आणि नंतर त्याचाच आधार वाटला.

घरी परत आल्यावर

श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात. त्यात फुंकायचं नाही, नळीतून ओढायचं. "फुंका, आजी, फुंका" असं सांगणारे नातेवाईक मी प्रत्येक वॉर्डात पाहिले. सावकाश ओढा, गोळी तीन सेकंद वर राहू द्या, जागेपणी तासाला दहा वेळा. बाकी खोलीतल्या खोलीत चालणं, दर वर्षी फ्लूची लस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं न्यूमोनियाची लस, आणि घरात चूल असेल तर ती बाहेर किंवा बंद.

आमच्या फ्रिजवर अजून तो कागद आहे. त्यावर आईचा नेहमीचा आकडा ९०-९१, नेहमीचे श्वास १८, दोन्ही पंपांची नावं, ऑक्सिजन २ लिटर, कोणत्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. सगळ्यांत खाली, १०८ वर फोन करणाऱ्याची तारांबळ उडू नये म्हणून, लाल पेनानं: "मारुतीच्या देवळामागची गल्ली, पिवळं फाटक, गाडी मागच्या रस्त्यानं आत येते."